कात्रीला दाद न देणारा स्वेटर

पुरळालाही वास असतो, हे मला आई झाल्यावर कळलं. मलम, लाळ आणि आंबलेलं दूध, सगळं मिळून एक ओशट वास. खिडक्या सताड उघड्या ठेवल्या तरी खोलीतून जात नव्हता. माझ्या छकुलीच्या हनुवटीखाली, गळ्याभोवती आणि मनगटांवर लालभडक फोड उठलेले. रडून रडून लेकराचा आवाज बसला होता. आणि घरात सगळ्यांचं एकमत, की दोष माझ्या दुधाचा.

"तुझं दूधच सोसत नाही तिला," नवरा म्हणायचा. जसा काही हाच डॉक्टर! मी अंडी सोडली, शेंगदाणे सोडले, तिखट सोडलं. शेवटी नुसता मऊ भात गिळत होते, ताट समोर आलं की मळमळायचं. त्यात माझ्या छातीवरही तसंच पुरळ उठलं. मग काय, पुरावाच मिळाला! पावडरच्या दुधाचा डबा ओट्यावर येऊन बसला. उद्यापासून अंगावरचं बंद. स्वतःच्याच अंगाची शिसारी आली होती मला. बाथरूममध्ये नळ सोडून मी पोटभर रडून घेतलं.

नवरा हातमोज्यांच्या कारखान्यात मेकॅनिक, विणायची यंत्रं दुरुस्त करतो. पत्रा कापणारे, काच उचलणारे लोक घालतात ते हातमोजे. पाहुणे आले की याचा खेळ ठरलेला. हातमोजा चढवायचा, माझ्याकडे सुरी मागायची आणि तळव्यावरून खर्रकन ओढायची.

"बघा, ओरखडा तरी आहे का? गाभ्यात काचेचा तंतू, वरून मऊ धाग्याची गुंडाळी. दिवसभर घाला, अंगावर काही आहे हेच विसराल!"

पाहुणे तोंडात बोटं घालायचे. हा स्वतः मात्र कामावरून आला की थेट बाथरूममध्ये. कपडे वेगळ्या बादलीत, हात कोपरापर्यंत खसाखसा घासायचे. "तंतू मोडला की कुसळं उडतात गं, नुसती आग होते," म्हणायचा.

छकुलीचा स्वेटर सासूबाईंनी विणलेला. रंग मेला राखाडी, पण हाताला मऊसूत. लोकर नवऱ्यानेच आणून दिली होती. थंडी कडाक्याची, त्यामुळे स्वेटर सतत तिच्या अंगावर. आधी मलम चोपडायचं आणि वर पुन्हा तोच स्वेटर चढवायचा.

डबा फोडायच्या आदल्या संध्याकाळी छकुली भडाभडा ओकली. गळ्यापासून पोटापर्यंत सगळं चिकट, आंबट. शी! स्वेटर काढायला गेले तर गळा घट्ट, आणि ती हात आखडून किंचाळतेय. म्हटलं, खड्ड्यात गेला स्वेटर, कापूनच काढते.

"अगं अगं, एवढ्या हौसेने विणलाय!" सासूबाई धावल्या. मी ऐकलं नाही, कात्री लावली.

कापेना. दाबून दाबून माझा अंगठा दुखला, पण धागा पात्यांमध्ये नुसता दुमडायचा आणि निसटायचा. वरची लव तेवढी निघाली आणि आत काहीतरी चकाकलं. शेवटी सासूबाईंनीच गळ्याची गाठ शोधली, चार टाके उसवले आणि पोरीला मोकळं केलं.

"आई, ही लोकर कुठली?"

"कुठली म्हणजे? दुकानातली. लहान बाळांची वेगळी येते म्हणाला. फारच बारीक होती, म्हणून चार पदर एकत्र धरून विणली." बोलता बोलता त्या मनगट खाजवत होत्या. मी त्यांची बाही वर सारली. तेच पुरळ, छकुलीच्या गळ्यावरचं आणि माझ्या छातीवरचं! "माझं काय गं, वयाचं असेल," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात नवरा आंघोळ करून, भांगबिंग पाडून बाहेर आला. आल्या आल्या नाकाला रुमाल.

"काय घाण सुटलीय! तरी मी सांगत होतो, तुझं दूध तिला पचत नाही."

मी स्वेटरची कोरडी बाही धरली आणि त्याच्या मानेला लावायला गेले. नुसती लावायला हं! हा असा काही मागे उडाला की खुर्ची आडवी झाली.

"वेड लागलंय का तुला? काच आहे त्यात!"

बोलला, आणि जीभ चावली. पण आता काय उपयोग? मग तोंडातल्या तोंडात सुरू झाला. दुकानात जायचा कंटाळा आला, कारखान्यात हातमोज्यांच्या धाग्याचे उरलेले कोन, म्हणजे मोठी रिळं, पडून होते, आईला इतका आनंद झाला की सांगवेना, वाटलं धुतल्यावर टोचायचं थांबेल...

म्हणजे याला ठाऊक होतं! पोरीची कातडी सोलवटत होती, आणि हा साळसूदपणे मलम आणून देत होता. वर माझं दूध तोडायला निघाला होता. त्याचे ते घासूनपुसून लख्ख केलेले हात मी बघितले. मेलेली पाल मी हाताने उचलेन, पण या माणसाचा हात नको.

मी छकुलीला ओल्या फडक्याने पुसलं, अंगावरची साडी बदलली आणि धुतलेल्या चादरीत गुंडाळून तिला पाजायला घेतलं. ती हुंदके देत देत पिऊ लागली. मला वाटलं, आता सासूबाई लेकावर पांघरूण घालणार, नेहमीसारखं.

त्यांनी स्वेटर उचलला. उसवलेलं टोक चिमटीत धरून निरखलं.

"विणून उरलेले कोन कपाटातच आहेत ना रे?"

"फेकून देतो, आई. आत्ताच्या आत्ता."

"फेकायचे कशाला? इकडे ये. पाठ कर." त्यांनी त्याच्या खांद्यांवर वीत लावली आणि माप घेतलं. "बनियन विणते तुला. दिवसभर घाल. अंगावर काही आहे हेच विसरशील."