सासूबाई, हौद आणि बारा पाईप

"लाकूड माझ्याशी कधी खोटं बोलत नाही," असं म्हणत सुताराने बॅप्टिस्ट चर्चच्या छोट्या ऑर्गनचे बारा लाकडी पाईप मुळ्यासारखे उपटून काढले.

ऑर्गन वाजवणारी त्याची मेहुणी कमरेवर हात ठेवून बघत होती. "भाऊजी, आवाज नुसता घोगरा झालाय. जमत नसेल तर ऑर्गनवाल्याला बोलवू."

"घरचा जावई असताना?"

त्याच्या या हट्टाला कारणही तसंच होतं. सासूबाई तीस वर्षं बाप्तिस्मा पुढे ढकलत होत्या. कधी गुडघा, कधी सर्दी. सत्तरीला, या रविवारी घ्यायला तयार झाल्या, पण अट घालून: ऑर्गन वाजला तरच पाण्यात उतरेन, नाहीतर सरळ घरी. आणि ऑर्गन वाजेलच, असा शब्द या पठ्ठ्याने अख्ख्या मंडळीसमोर देऊन ठेवला होता.

शनिवारी त्याने पाईपांच्या भेगांत सरस भरला. आता ते वाळायला अशी जागा हवी, जिथे कुणाचा पाय लागणार नाही. व्यासपीठासमोरचा, बाप्तिस्मा घेणाऱ्याला बुडवायचा हौद कोरडा ठणठणीत होता, वरच्या फळ्याही त्यानेच बसवलेल्या. बाराही पाईप आत आडवे करून, फळ्या लावून स्वारी घरी गेली. बाप्तिस्म्याला पाणी लागतं, एवढंच तेवढं डोक्यात आलं नाही.

रविवारी राखणदाराने पहाटेच, फळ्या न उचलता, हौदाचा नळ सोडला होता. फळ्या काढल्या, तर पाईप होड्यांसारखे तरंगत होते.

"अहो," बायको शांतपणे म्हणाली, "आज लाकूड काय म्हणतंय?"

अकरा हाती लागले. बारावा कुठे दिसेना. बायकोच्या केस वाळवायच्या मशीनने अकरा कसेबसे वाळवले, फुगलेले ठोकून बसवले, आणि मेहुणीने देवाचं नाव घेऊन पहिला सूर दाबला. ऑर्गनने गुळणी टाकली. पहिल्या रांगेतल्या खजिनदारांचा चष्मा धुऊन निघाला.

"जावईबापू," पांढऱ्या झग्यातल्या सासूबाई म्हणाल्या, "आज भिजायचं मला होतं ना?"

"पण आई, वाजतोय ना?"

सासूबाईंनी कान दिला. चूळ भरत का होईना, गीत ओळखू येत होतं. "वाजतोय बाई," म्हणाल्या, आणि दिल्या शब्दाला जागून पायऱ्या उतरल्या.

बारावा पाईप शेवटच्या पायरीखाली अडकला होता. पाळकांनी सासूबाईंना पाण्यात मागे कलवलं, तेव्हा त्यांच्या पायाच्या धक्क्याने तो सुटला. सासूबाई वर आल्या. पाईपही वर आला. पाळकांच्या हनुवटीला तीन टाके पडले.