माझ्या डोळ्यावरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. जुना कसला, पडीक म्हणा. सोलापुरात मागांची खडखड दिवसभर ऐकू येते अशा वस्तीतल्या एका शाळेत, हेडसरांच्या खुर्चीमागच्या काचेच्या कपाटात मी कोंडलेला आहे.

कारखान्यात माझी भिंगं बसवली तेव्हा एका कारागिरानं माझ्याखाली डासाचा पाय धरला आणि ओरडला, "आयला, ह्याला केस हायत की!" तेवढंच माझं खरं कौतुक. शाळेत आलो तो थेट कुलपात. तपासणीला साहेब आले की मला टेबलावर मांडायचं. साहेब मान हलवणार, चहा पिणार. गाडी वळली की मी परत आत. मुलं काचेला नाक लावून बघायची. शिपाई मल्लेश हाकलायचा, "पळा! काच काय तुमचा बाप पुसणार हाय व्हय?"

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, माझी पूजा होते. हेडसर हळदकुंकू लावतात, तेही नेमकं डोळा लावायच्या भिंगावर. ज्यातून बघायचं तेच लिंपायचं आणि वर हात जोडायचे! राग येणार नाही तर काय?

नीलम्मा पाचवीत असताना पूजेच्या वेळी पुढं आली. तिची अम्मा टॉवेलच्या कारखान्यात कामाला.

"सर, धाग्याचा रंग वरवर बसतो का आतपतूर जातो? ह्यातनं बघू?"

"परीक्षेत येणार हाय का ते? गप बस."

सहावीत तिनं नुसता तळहात पुढं केला. त्यावर लाल धागा होता. सरांनी त्याच्यावर पेढा ठेवला.

यंदा ती सातवीत, या शाळेतलं शेवटचं वर्ष. मागच्या रांगेत गप्प उभी होती. संपलं का हिचं विचारणं? गप बस, गप बस म्हणून पोरांची तोंडं शिवायची, आणि मग हेच लोक बोंबलणार, पोरांना शिकायची गोडीच नाही!

आरती झाली. मल्लेश मला उचलणार, तेवढ्यात ती बोलली.

"सर, अम्माच्या कारखान्यात बी आज मागाला कुंकू लावत्यात. पण दसरा झाला की माग चालतो. ह्ये कवा चालायचं?"

पोरं फिसकन हसली. हेडसर लाल झाले. "लई शानी झालीस! बघ, एकदाचं बघ!"

तिनं ओढणीच्या टोकानं माझ्या डोळ्यावरचं कुंकू पुसलं. धाग्याचं टोक पिंजून माझ्याखाली ठेवलं, मला खिडकीतल्या उजेडाकडं वळवलं. माझा स्क्रू करकरला. किती वर्षांनी अंग मोकळं झालं!

"सर! ह्यो एक धागा न्हाईच! लई बारीक बारीक हायत, पिळलेले. अन् लाल रंग त्यांच्यात बी गेलाय. मग ह्या बारक्यांच्या आत काय हाय?"

हेडसरसुद्धा नकळत वाकले. पण मागं पोरांची रांग लागलेली दिसली, तसे ताठ झाले. "बास. काच खराब होईल."

कुलूप लागलं. घाईत धागा माझ्याखालीच राहिला. आता रोज मधल्या सुट्टीत नीलम्मा कपाटापाशी येते, आणि तिच्यामागं सारा वर्ग.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मी सांगतो, मला जपू नका. माझी काच फुटली तर दुसरी मिळेल. नीलम्माचं 'मग आत काय हाय?' कुठल्या दुकानात मिळतं? मला हाताळा, झिजवा, मोडलो तरी चालेल. किल्ली मल्लेशच्या कमरेला असते.

रोज मागा.