दुसऱ्या व्हायोलिनची लय

चैत्र होता. वसईच्या किनाऱ्यावर दुपार कलत होती, आणि तो मधुपिंगट, मंदगती प्रकाश केळीच्या पानापानांतून गाळत गाळत चर्चच्या पायऱ्यांपाशी आला होता. पांगारे पेटले होते. समुद्र दिसत नव्हता. पण त्याचा क्षारगंधी निःश्वास माडांच्या झावळ्यांत अडकून राहिला होता, सांगायचा राहिलेला शब्द ओठांत अडकावा तसा.

आत, उंच छताच्या गारव्यात, तालीम चालली होती. चौदा वादक, तालीम घेणारे वृद्ध फादर उबाल्ड, आणि दोन व्हायोलिनांसाठी तीनशे वर्षांपूर्वी लिहिलेला एक कन्चेर्टो, तीन भागांची वाद्यरचना. पहिलं व्हायोलिन इनास तुस्कानोचं. दुसरं त्याच्या बायकोचं, जसिंताचं.

बावीस वर्षं दोघं हा कन्चेर्टो वाजवत आले होते, आणि बावीस वर्षं त्याच्या मधल्या, संथ भागावरून, लार्गोवरून, भांडत आले होते.

आधीचा भाग डी मायनर स्वरपट्टीतला. मेघश्याम, वेगवान, दारं आपटत जाणारा. मग एफ मेजर उघडतो, आणि काळोख्या घराची एकच खिडकी कुणी अलगद लोटावी तसा उजेड आत येतो. बारा मात्रांचा पाळणा हलू लागतो. सगळं गोड, सगळं उजळ. तरी आत कुठंतरी दुःख असतं. मायनरमधलं दुःख मोकळं रडून घेतं. हे दुःख तोंड धुऊन, केस विंचरून, हसतमुखानं समोर येऊन बसतं.

तो पाळणा हलवायचा दुसऱ्या व्हायोलिननं. सुरुवात जसिंताची, थोड्या वेळानं तेच गाणं घेऊन इनास वरून उतरतो. म्हणून लय ठरवायची तिनं. आणि ती लय मंद धरायची, अतिमंद, अंगणातून सरकणाऱ्या सावलीसारखी.

इनासला ते सोसत नसे. "लार्गो म्हणजे रेंगाळणं नव्हे," तो म्हणायचा. "चालणाऱ्या माणसाचा श्वास हवा त्याला."

"मला कुठं पोचायची घाई नाही," ती म्हणायची.

तालमीत भांडण, वाटेत भांडण, पानावर बसून भांडण. त्या भांडणाच्या उबेत त्यांचा संसार झाला होता.

गेल्या पावसाळ्यात इनासनं सांगितलं, ईस्टर झाला की मी मडगावला जाईन. कायमचा. तिथं एक घर होतं, आणि त्या घरात एक बाई होती. जसिंतानं ऐकून घेतलं. नाव विचारलं नाही. पुढचे कितीतरी महिने ती स्वतःची समजूत घालत राहिली: माणूस म्हणतो, आणि जात नाही. जाणारा माणूस लयीवरून इतका वाद घालत नाही.

मधला भाग आला तसा फादर उबाल्डनी हात थांबवला. "बोला, उद्या लय कुणाची? एकदाचं मिटवा."

वादक गालात हसले. पुढचं सगळ्यांना पाठ होतं.

इनास खुंटी पिळून तार लावत होता. मान वर न करता तो म्हणाला, "जसिंता म्हणेल तशी."

चेलोवर बसलेल्या बर्नडेटला ते फार गोड वाटलं; तिनं जसिंताकडे बघून डोळे मिचकावले. जसिंताच्या हातातला गज मात्र शिशासारखा जड झाला. नऊ महिन्यांत न कळलेलं तिला त्या तीन शब्दांत कळलं. तो गेला होता. खुर्चीत बसून, खांद्याला व्हायोलिन लावून, तिच्यापासून हातभर अंतरावर, तो केव्हाच गेला होता.

"वाद का नाही घातलास?" पायऱ्या उतरताना तिनं विचारलं.

"आता कशाला, जसिंता," तो म्हणाला. हळुवारपणे म्हणाला. त्या हळुवारपणानंच ती मोडली.

ईस्टरच्या रविवारी संध्याकाळी चर्च भरलं. पश्चिमेच्या रंगीत काचांतून केशरी, निळा, डाळिंबी उजेड फरशीवर सांडला होता. डी मायनरचं वादळ संपलं. क्षणभर शांतता झाली, खोल, काठोकाठ भरलेली शांतता. आणि जसिंतानं गज टेकवला.

तिनं त्याची लय धरली. चालणाऱ्या माणसाचा श्वास.

इनासनं चमकून तिच्याकडे पाहिलं. त्याचा गज हवेतच राहिला. तिला वाटलं, तो चुकणार. मग तो आला.

दोन स्वर शेजारी चालू लागले. या संगीताची रीतच अशी, की एकानं स्वर धरून ठेवायचा आणि दुसऱ्यानं खालून सरकायचं. धरलेला स्वर सरकत्या स्वरावर घासतो, कळ उठते, तलम, तीक्ष्ण, लखलखती कळ. मग धरणारा एक पायरी खाली उतरतो, आणि कळ निवते. पुन्हा धरणं. पुन्हा घासणं. पुन्हा उतरणं. त्या मंद लयीत बावीस वर्षं जसिंता ती कळ लांबवत आली होती. आज तिनं एकही स्वर हक्कापेक्षा जास्त धरला नाही. वेळ झाली, की उतरली. वेळ झाली, की उतरली.

इनासच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याचा गज अडखळला नाही, सूर ढळला नाही. तिनं ते पाहिलं, आणि लय बदलली नाही.

सोमवारी पहाटे तो गेला. फाटकापाशी थांबून म्हणाला, "काल फार सुंदर झालं."

"हो," ती म्हणाली. "स्वतःला जप."

मग ती परसात मोगऱ्याच्या वाफ्यात गेली. रोजच्यासारख्या टपोऱ्या, मिटलेल्या, दवभरल्या कळ्या खुडू लागली. ओंजळ भरली, पदर भरला. आणि कधीतरी तिचे हात थांबले. ऊन वर आलं, उतरलं, सांज झाली. खुडायच्या राहिलेल्या कळ्या तिच्याभोवती एकेक उमलत गेल्या, शुभ्र, सुगंधी, कुणाच्याही वेणीत न जाणाऱ्या. एकेक, एकेक, सावकाश.