तोफेच्या नावावर

या, असे जरा जवळ सरकून बसा. कीर्तनातल्या बुवांच्या पूर्वरंगाइतकीही वाट बघायला लावत नाही. एका बाईच्या गालाची गोष्ट सांगतो.

"आ कर, मावशी," मोतीराम म्हणाला, आणि नवसाबाईने फडकं बादलीवर टाकून तोंड उघडलं.

नाशिकच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत मोतीरामचा हा रोजचा पहिला नेम. त्याच्या ताब्यातल्या यंत्राला डोळ्याला न दिसणारी सुई होती. केसाहून बारीक पट्टीच्या टोकाला बसवलेली. ती एकेका पेशीवर टेकायची, हलकेच दाबायची, आणि पेशी किती कडक, किती मऊ ते पडद्यावर रेषेत उमटायचं. तोंडाच्या कर्करोगात पेशी मऊ पडतात, त्याचा तिथं अभ्यास चाललेला. रुग्णांच्या पेशींशी ताडून पाहायला निरोगी माणसंही लागत. झाडलोट करणारी नवसाबाई त्यातली पहिली. माझा गाल खरवडून खरवडून पातळ केला यानं, असं ती सगळ्यांना सांगत फिरायची. घरच्या मळ्यातली शेवंती आणून यंत्राच्या खोलीच्या दाराशी ठेवायची. तुमचा देव लय सावध झोपतो म्हणायची, पाय वाजला तरी उठतो.

ते खरंच होतं. देवळाली कॅम्पाकडे तोफांचा सराव सुरू झाला की इथं सुई थरथरायची. तसल्या मापापुढे मोतीराम वहीत 'तोफ' लिहायचा. ते माप बाद.

आषाढात नवसाबाईची रेषा पहिल्यांदा लवली, पेशी मऊ लागल्या. मोतीरामने सुई बदलली, काच बदलली. पुन्हा तेच. तोफेने रेषा दातेरी होते. ही गुळगुळीत होती, ओल्या मातीत बोट रुतावं तशी. बुवा सांगतात, तार उतरली की वीणेकऱ्याच्या कानाआधी बोटाला कळतं. मोतीरामच्या बोटाला कळलं. त्याच बोटांनी त्याने 'तोफ' लिहिलं.

मग लिहीतच गेला. समोर बाई हसत होती, जिने पुसत होती, चहाला हाका मारत होती. उद्याची रेषा नीट येईल, असं तो रोज स्वतःला सांगायचा. श्रावण गेला, भाद्रपद गेला. रेषा लवतच राहिली.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी योगिनी वही चाळायला बसली. संशोधन तिचं, आणि राहायला ती कॅम्पातच.

"काका, हे कसं? पंधरा दिवस आमच्या खिडक्या वाजल्या नाहीत. फायरिंग बंद आहे."

तिने पानं मागं उलटली. त्याच सकाळी, त्याच तासाला घेतलेली इतरांची मापं नितळ होती. तोफ फक्त नवसाबाईच्या नावापुढे वाजत होती.

मोतीरामने जिन्यावर नवसाबाईला गाठलं. मोबाइलचा उजेड तोंडात धरला. मिश्री धरायच्या जागी सायीसारखा पांढरा डाग. रोज दिसलेला आणि रोज न बघितलेला. तिखट झोंबतं जरा, ती म्हणाली, मिश्री लावली की बरं वाटतं.

"मावशी, उद्याच दवाखान्यात जाऊ. मी येतो."

"यंत्र काय म्हणतं?"

त्याने सांगितलं.

"कधीपास्नं?"

"आषाढापासून."

नवसाबाई पायरीवर बसली. हातातलं फडकं पिळत राहिली. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.

"मला सांगायचं व्हतं ना, भाऊ," ती म्हणाली. "मी नसते घाबरले."

तेवढ्यात कॅम्पाच्या दिशेने धप्पकन आवाज आला. जिन्याच्या खिडकीची काच वाजली. दोघांनीही तिकडं पाहिलं.

"ही खरी," नवसाबाई म्हणाली, आणि राहिलेल्या चार पायऱ्या पुसायला उठली.

दाराशी शेवंती आली ती त्या दसऱ्यापर्यंतच; पुढच्या दसऱ्याला ती आणणारी उरली नव्हती.

तेव्हा मायबापहो, कधी नाशकात असाल आणि भर दुपारी लांबवर काही गडगडलं, तर आभाळाकडे बघायच्या आधी नवसाबाईचं नाव एकदा घ्या.