पाठची शीळ

मेल्फीला गावात सगळे ‘मासा’ म्हणायचे, आणि त्याला कारणही तसंच होतं.

काळ्या खडकाच्या पुढे बोट गेली की जमिनीवरची बोली बंद. पुढे फक्त समुद्राची बोली, कारण आपण काय करणार हे समुद्राला आधीच कळलं तर तो मासळी लपवून ठेवतो. त्या बोलीत माशाला ‘पाहुणा’ म्हणायचं, वाऱ्याला ‘शीळ’, जाळ्याला ‘पदर’, आणि मागे राहिलेल्या किनाऱ्याला ‘पाठ’. जमिनीवरचा एक शब्द जरी कुणाच्या तोंडून निसटला, तरी जाळं वर ओढायचं आणि मुकाट घरी परतायचं. गेल्या वर्षी मेल्फी पहिल्यांदा बोटीवर गेली, पाण्यात चांदीसारखं काहीतरी लखलखलं आणि ती आनंदाने ओरडली, “मासा!”

ओपा सोलेमाननी, म्हणजे तिच्या आजोबांनी, जाळं वर ओढायला लावलं आणि सुकाणू फिरवलं. त्या दिवशी सबंध गावाने नुसता साबुदाणा खाल्ला, आणि तिला नवं नाव मिळालं.

आता वर्षाने ती पुन्हा बोटीवर चढत होती, ती मानाडो शहरातल्या विद्यापीठातून आलेल्या इबू हेल्दांमुळे, म्हणजे हेल्दाबाईंमुळे. भाषा कशा जन्मतात आणि एकीच्या दोन कशा होतात, याचा त्या अभ्यास करायच्या. समुद्राची बोली किनाऱ्यावर कुणी बोलत नाही, म्हणून त्यांना बोटीवरच यावं लागणार होतं, आणि बोटीवर त्यांच्या सोबतीला कुणीतरी बाईमाणूस हवं होतं.

“ही शेवटची संधी,” ओपा म्हणाले. “पुन्हा तोंड सुटलं तर जन्मभर किनाऱ्यावर मासळी वाळवत बस.”

“मी ओठ शिवून टाकलेत, ओपा.”

“मग आत्ता कुठून बोलतेयस?”

हेल्दा हसल्या. “ओपा, या बोलीत नवा शब्द येतो का हो कधी?”

“समुद्र जुना, बोली जुनी. नवं कशाला घालायचं?”

“मग इंजिनाला काय म्हणता?”

ओपा दोरी गुंडाळायला लागले. त्यांचा मदतनीस आत्लिस मान खाली घालून म्हणाला, “काही नाही. नुसती त्याच्यावर टकटक करून दाखवतो.”

खडक मागे पडला. मेल्फीने ओठ इतके घट्ट मिटले की गाल दुखायला लागले. हेल्दांना बोट लागली आणि त्या बोटीच्या काठावर ओणव्या होऊन पाण्याकडेच बघत राहिल्या. गळ्यातलं ध्वनिमुद्रण यंत्र तेवढं इमानाने चालू होतं. उजाडता उजाडता पाहुण्यांचा मोठा थवा आला. ओपांनी पदर सोडायला हात उचलला, आणि तेवढ्यात सगळ्यांचे फोन ज्या पत्र्याच्या डब्यात ठेवले होते, तो डबा कोकलायला लागला.

पत्र्यातून आवाज दुप्पट. थवा बिचकून वळायला लागला. डबा पुढच्या टोकाला आत्लिसजवळ होता, पण इंजिनाच्या घरघरीत आवाज कुठून येतोय, हे आत्लिसला कळेना. ओपांनी बोट दाखवलं, आत्लिसने पाणी उपसायची करवंटी उचलली. ओपांनी कानावर हात ठेवला, आत्लिसने कान खाजवला. नव्वद समुद्र पाहिल्यासारखा दिसणारा तो म्हातारा तांडेल एका शब्दावाचून बोटीत उड्या मारत होता.

मेल्फीच्या जिभेच्या टोकावर जमिनीवरचा ‘फोन’ येऊन बसला होता. तिने जीभ चावली. किनारा म्हणजे पाठ. वारा म्हणजे शीळ. आणि घरून कुणीतरी आपल्याला बोलावतंय...

“आत्लिस!” ती फुप्फुसं फुटेस्तोवर ओरडली. “पाठची शीळ! पाठची शीळ दाब!”

आत्लिसने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, आणि झेप घालून डबा पोटाखाली दाबला. आवाज गप्प झाला.

आता बोटीवर कुणीच हलेना. असा शब्द याआधी कुणी उच्चारला नव्हता. तो जमिनीचा नव्हता, पण समुद्राचा होता का? हे ठरवणारा एकच माणूस होता, आणि त्याचा हात सुकाणूवर होता. मेल्फीला डोळ्यांसमोर वाळत घातलेल्या मासळीच्या रांगा दिसायला लागल्या.

ओपांनी पाण्याकडे पाहिलं. थवा पुन्हा जवळ सरकत होता.

“आत्लिस,” ते सावकाश म्हणाले, “ती पाठची शीळ आता दुपारपर्यंत गप्प ठेव. आणि पदर सोड.”

पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याने हेल्दांनी डोकं वर केलं, आणि त्या इतकं मोठं हसल्या की पुन्हा काठावर ओणवावं लागलं.

परतताना पलीकडच्या गावची बोट भेटली. “उशीर का?” त्यांच्या तांडेलाने विचारलं.

“पाठच्या शिळेने घोळ घातला,” ओपा ऐटीत म्हणाले, आणि आत्लिसने डबा उंचावून दाखवला.

“कसली शीळ? त्याला ‘कोरडा पाहुणा’ म्हणतात. आम्ही कधीपासून म्हणतोय.”

“पाहुणा कधी ओरडतो का?”

“तुमच्या घरचे नसतील ओरडत.”

दोन्ही बोटी पाण्यावर डुलत भांडत राहिल्या. हेल्दांनी यंत्र दोन्ही हातांनी असं वर धरलं होतं, जणू त्यात देवाचा प्रसाद पडतोय.

खडक ओलांडताच हेल्दांच्या उत्साहाचा बांध फुटला. “मेल्फी, एक खाडी, एकच वस्तू आणि दोन शब्द! हे पुस्तकात वाचून मी म्हातारी होत चालले होते. असे वेगळे शब्द साठत साठत गेले तर तुझ्या पणतीला पलीकडच्या गावचं बोलणं कळणार नाही.”

“आम्हाला आत्ताही त्यांचं पटत नाही,” आत्लिस म्हणाला.

बोट वाळूला लागली. मेल्फीने टोपली उचलली. आपण पुन्हा बोटीवर येणार की नाही, हे विचारायचा धीर तिला होईना. ती टोपली या हातातून त्या हातात घेत उभी राहिली.

ओपा इंजिन पुसत होते. वर न बघता त्यांनी त्याच्यावर टकटक केली.

“यालाही काहीतरी नाव बघ,” ते म्हणाले. “पहाटे ये. आणि रिकाम्या डोक्याने येऊ नकोस.”