कुंपणावरची फिट्टंफाट

आर्डिस हल्वरसनच्या स्वयंपाकघरापासून शाळा पाच मैलांवर होती, पण मे महिन्यातल्या काही सकाळी ती जमिनीवर नसायचीच. रात्रभर गारठलेल्या माळावर ऊन चढायला लागलं की क्षितिजाची कड पातळ व्हायची, हलायची, आणि मृगजळात विलो कूली वस्तीची ती पांढरी, एका खोलीची शाळा झेंड्याच्या काठीसकट हातभर वर उचलली जायची. खाली नुसतं चकाकतं आकाश. आर्डिस कॉफीचा मग हातात धरून बघत राही. लहानपणी ती खरंच समजे की शाळा सुटली की शाळाही कुठेतरी जाते. आता वय सत्तर, आणि ह्या तरंगणाऱ्या शाळेचा कारभार एकोणीस वर्षं तिच्याच गळ्यात होता.

शाळा-जिल्हा क्रमांक सदतीस. नाव ऐकून कुणाला वाटावं, केवढं संस्थान! प्रत्यक्षात शाळा एक, खोली एक, बाई एक आणि मुलं नऊ. जिल्ह्यावर राज्य करायला लोकांनी निवडून दिलेलं तिघांचं मंडळ, पगार शून्य, आणि अध्यक्षाला जास्तीचा मान एवढाच की छत गळलं की लोक मध्यरात्री तिला फोन करत. सरकार डोकी मोजून पैसे देई. डोकी कमी झाली की पैसे कमी, पण खोली गरम ठेवणाऱ्या भट्टीला ते कळत नाही, ती नऊ मुलांसाठीही बारा मुलांइतकंच तेल पिते. उरलेलं भागायचं जमिनीवरच्या करातून, आणि तो वाढवायचा तर जमीनवाल्यांचीच परवानगी हवी. म्हणजे शाळेनं दर दोन-चार वर्षांनी लोकांपुढे पदर पसरायचा आणि लोकांनी मतपेटीतून हो किंवा नाही म्हणायचं.

ह्या वर्षी हिवाळ्यात एक कुटुंब तिन्ही मुलांसह निघून गेलं. ह्या वेळी ‘नाही’ आलं तर बाईंचा पगार निघणार नव्हता. बाई नाहीत तर शाळा नाही. मग नऊ मुलांनी अंधारात उठून बेचाळीस मैलांवरच्या गावातल्या शाळेत बसनं जायचं आणि अंधारात परत यायचं. त्या नऊ जणांतली एक आर्डिसची नात पाईपर, सहा वर्षांची, चपलेचा बंद अजून उलटाच लावणारी. आर्डिस चारचौघांत म्हणे, माझ्या नातीचा प्रश्न नाही, जिल्ह्याचा आहे. हे अर्धंच खरं होतं.

आता फिट्टंफाटीबद्दल सांगायला हवं. अमेरिकेतल्या मोंटानाच्या त्या भागात मत द्यायला शाळेपर्यंत जायचं म्हणजे सगळी दुपार जाते, आणि मतदान नेमकं गाई व्यायच्या दिवसांत. म्हणून जुनी रीत पडली होती. ज्या दोन शेजाऱ्यांची मतं एकमेकांच्या विरुद्ध, त्यांनी कुंपणाशी भेटायचं, हात मिळवायचा आणि दोघांनीही घरी राहायचं. तुझं हो, माझं नाही, झाली फिट्टंफाट. हे कुठल्या कायद्यात नाही, कुणी कधी लिहून घेतलं नाही, आणि कुणी मोडल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. तिकडे माणूस बायकोशी एक वेळ खोटं बोलेल, कुंपणावरच्या हाताशी नाही.

आर्डिसची जोडी मर्ल ड्वोराकशी. दोघं एका वर्गातली, वर्गात दोघंच होती म्हणून पहिला-दुसरा नंबरही त्यांच्यातच फिरायचा. मर्ल बिनलग्नाचा, नऊ हजार एकरांचा धनी, म्हणजे कर वाढला की सगळ्यात मोठा चिमटा त्यालाच. शाळेच्या प्रत्येक कराला तो ‘नाही’ म्हणत आला. "माझी गाय शाळेत जात नाही," हा त्याचा ठरलेला विनोद. दोघांनी वीस वर्षं हात मिळवला होता आणि वीस वर्षं दोघं घरी राहिली होती.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात तो कुंपणाशी आला तेव्हा आर्डिस दोन तासांच्या झोपेवर उभी होती. पहाटे एक वासरू आडवं आलं होतं, कोपरापर्यंत हात घालून ओढलं तेव्हा कुठे गाय सुटली. सहा आठवडे असेच चालले की माणूस जागेपणीही अर्धा स्वप्नात असतो. गवतावरचं दव धुरासारखं वर चढत होतं, त्यात मर्ल कमरेपर्यंतच दिसत होता. नेहमी गाडीतूनच हात बाहेर काढणारा हा गडी आज खाली उतरून उभा होता.

"वाचलं का वासरू?" त्यानं विचारलं.

"वाचलं. आईपेक्षा मलाच जास्त कळा आल्या."

"हं." तो तारेवरचा गंज नखानं खरवडत राहिला. "आर्डिस, मी म्हणत होतो, ह्या वेळचं ते कराचं..."

"माहितीये रे बाबा, तुझी गाय शाळेत जात नाही." आर्डिसनं हातमोजा काढला. "घे. फिट्टंफाट. मला आत जाऊन पडू दे, नाहीतर इथंच कोसळेन."

मर्लनं तिच्या हाताकडे पाहिलं. मग हळूच हात मिळवला, आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. "शब्द म्हणजे शब्द," तो म्हणाला, कुणीतरी त्याला तसं म्हणायला लावल्यासारखा. आर्डिस घराकडे वळली तेव्हा तिला बरंच वाटत होतं. एक ‘नाही’ घरी बसवलं. आपलं एक ‘हो’ही बसलं, पण मर्लसारखा माणूस शाळेच्या दारात उभा राहिला असता तर त्याच्याकडे बघून आणखी दोघे बिथरले असते. एवढा हिशेब तिच्या पेंगुळलेल्या डोक्यानं अगदी चोख केला.

मतदानाच्या दिवशी शाळा सकाळी फार उंच तरंगत होती. आर्डिसनं गोठा झाडला, पाव भाजला, तो करपवला. दुपारी दोनला तिला बसवेना. मत द्यायचं नाही, नुसतं फाट्यापर्यंत जाऊन किती गाड्या आल्यात ते बघायचं, असं स्वतःला बजावून ती निघाली. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तऱ्हा तिला स्वतःलाही कळत होती.

फाट्यावर तिनं गाडी थांबवली. उजवीकडे शाळा, आता नीट जमिनीवर, दाराशी चार गाड्या. चंडोल खांबावर बसून गात होता. डावीकडच्या रस्त्यावर, शंभर पावलांवर, मर्लची हिरवी गाडी उभी होती, आणि काचेमागे तो, टोपी कपाळावर ओढून.

म्हणजे हा राखण करतोय! आर्डिसला आधी राग आला, मग शरम वाटली, कारण राखण करण्यासारखं तिच्या मनात खरंच होतं. वळायचं, आत जायचं, एक खूण करायची, कोण काय म्हणणार आहे. इंजिन बंद करून ती बसली. ऊन काचेतून मांडीवर सांडलं होतं. डोळा लागला असावा, कारण शाळा पुन्हा उचलली गेली, खिडक्यांतून नऊ हात बाहेर आले, आणि ती हळूहळू पूर्वेकडे निघाली, तर आर्डिसच्या हातात तिचा दोर होता आणि दोर ओला होता. दचकून जागी झाली तेव्हा मर्लची गाडी तिथेच होती. आर्डिसनं गाडी सुरू केली, घराकडे वळवली. आरशात तिला दिसलं की तोही वळला.

संध्याकाळी आठला, अजून लख्ख उजेड असताना, जिल्ह्याची कारकून ट्रूडी हिचा फोन आला. मतपेटी उघडण्यापासून मंडळाच्या कॉफीपर्यंत सगळं ट्रूडीच बघायची. "अकरा हो," ती म्हणाली, आणि थांबली.

"आणि?"

"अकरा नाही. तीनदा मोजलं, आर्डिस. चौथ्यांदा मंडळातर्फे डूएननं मोजलं."

बरोबरी म्हणजे नाही. आर्डिसला हा नियम तोंडपाठ होता. तिनं फोन ठेवला आणि करपलेल्या पावाकडे बराच वेळ बघत बसली.

पुढच्या मंगळवारी मंडळाची सभा भरली, नेहमीसारखी मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीशी. विषय दारावर आठवडाभर लावलेला होता: बाईंना पुढच्या वर्षी नेमता येणार नाही, असं पत्र देणं. बाई, मिस पॅक्स्टन, मागच्या बाकावर बसून पेन्सिलींना टोक करत होत्या. टोक झालेल्या पेन्सिलींनाही करत होत्या.

कायद्याप्रमाणे सभेच्या सुरुवातीला अध्यक्षानं विचारायचं, लोकांपैकी कुणाला काही बोलायचं आहे का. जो बोलेल त्याला तीन मिनिटं. मंडळानं ऐकायचं, उत्तर द्यायचं नाही. एकोणीस वर्षं आर्डिस विचारत आली आणि एकोणीस वर्षं ट्रूडी लिहीत आली, ‘कुणी नाही’.

"कुणाला काही बोलायचंय?" आर्डिसनं विचारलं आणि कागद उलटला.

"मला," दारातून मर्ल म्हणाला.

डूएन, मंडळातला चाळिशीचा तरुण, पुटपुटला, "आता जखमेवर मीठ चोळायला आले का हे?" ट्रूडीनं अंडी उकडायचं घड्याळ तीनवर लावलं.

मर्लनं टोपी काढली. "मर्ल ड्वोराक, राहणार... तुम्हाला माहितीये कुठं. माझा गोठा इथून दीड मैल. बहीण गेल्यापासून घरात मी एकटाच. सकाळी दहाला वारा पडलेला असला, तर मुलं बाहेर सुटल्याचं मला ऐकू येतं. फोनची घंटा ऐकू येत नाही आताशा, पण हे येतं. हिवाळ्यात तर अगदी अंगणात असल्यासारखं. मी काम थांबवून उभा राहतो. गेली दोन वर्षं." तो थांबला. घड्याळ टिकटिकत होतं. "चाळीस वर्षं नाही म्हणत आलो, आता चारचौघांत हो कसं म्हणायचं? म्हटलं, मतपेटीत कुणाला दिसत नाही. आर्डिसला तेवढं सांगायला कुंपणावर गेलो, तर तिनं हातच पुढं केला. मग दिला. मतदानाच्या दिवशी तरी राहवेना, फाट्यापर्यंत आलो. समोर आर्डिसची गाडी. म्हटलं, ही बघतेय मी शब्द मोडतो का. म्हणून परतलो." त्यानं टोपी घातली, पुन्हा काढली. "एवढंच. मुलांचा आवाज चांगला येतो. थँक यू."

घड्याळ वाजलं नाही, अजून मिनिटभर होतं. उत्तर द्यायचं नसतं हा नियम तिनंच कितीजणांना समजावला होता. अकरा-अकरा. दोघांनी लबाडी केली असती तर तेरा-अकरा. ह्या माणसाला ती साठ वर्षं ओळखत होती आणि तो आयुष्यात पहिल्यांदा वाक्य पुरं करायला कुंपणाशी आला, तर तिनं त्याला झोपेपायी करू दिलं नाही.

"लिही ट्रूडी," ती म्हणाली. "अध्यक्षांची चूक झाली."

"अगं, ते इतिवृत्तात कुठं लिहू? ‘लोकांचं म्हणणं’ ह्यात की ‘इतर विषय’ ह्यात?"

"कुठंही लिही."

मग पत्राचा विषय आला. पैसे नव्हते ते नव्हतेच, कुणाच्या बोलण्यानं ते येणार नव्हते. डूएननं हात वर केला, तिसऱ्या सभासदानं केला, आणि आर्डिसनंही केला, कारण दुसरं काही करणं म्हणजे बाईंना खोटी आशा दाखवणं होतं. मिस पॅक्स्टन उठून म्हणाल्या, "मला समजतंय. तुम्ही कॉफी घ्या, मी केलीये." त्यांनीच सगळ्यांना कप दिले, आणि आर्डिसला त्यांच्या डोळ्यांत बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला ती मर्लच्या गोठ्याशी जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते ठरवून आली होती, पण त्यानं ओठांवर बोट ठेवलं. वारा होता. गवत सगळं एका बाजूला झोपलं होतं. दोघं लाकडी फाटकावर कोपरं टेकून थांबली. मग वारा जरासा अडखळला आणि पडला, आणि तो आवाज आला.

शब्द नव्हते त्यात. पातळ, उंच, पाण्याखालून यावा तसा गलका, एकदा जवळ, एकदा पार ढगांशी. आर्डिसनं त्या शाळेचं छत बदललं होतं, भट्टी बदलली होती, चार शिक्षिका नेमल्या होत्या, सरकारला ढीगभर कागद भरून दिले होते. नऊ मुलांची बेरीज ती झोपेतही करी. पण ती शाळेत गेली की मुलं घरी गेलेली असत, आणि घरी असली की शाळा खिडकीत मुकी तरंगत असे. हे तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

"पाईपर कुठली ह्यातली?" तिनं हळूच विचारलं.

"ते नाही कळत. सगळी मिळून एकच असतात."

आर्डिसला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. "मर्ल, मी तुला बोलू द्यायला हवं होतं."

"मीही जरा मोठ्यानं बोलायला हवं होतं." तो माळाकडे बघत राहिला. "पुढच्या मेमध्ये परत मागता येतं ना मत?"

"येतं. पण तोवर बाई गेलेल्या असतील. मुलं बसला सरावलेली असतील."

"हं."

घंटा झाली. गलका एका टोकाकडून विरत गेला, एखाद-दुसरा आवाज मागे रेंगाळला, मग तोही आत गेला, आणि माळावर पुन्हा वारा सुटला. शाळा सुटायला अजून तेरा दिवस होते.

"उद्या येते," आर्डिस म्हणाली.

"ये. पण जरा लवकर ये, आणि गाडी तिकडं लांब लाव," मर्ल म्हणाला. "इंजिनाच्या आवाजात पहिली मिनिटं जातात."