सात किलोंचा फरक

यंदा म्होरकी मी होते.

आमच्या घरात ही साधीसुधी गोष्ट नाही. दरवर्षी आम्ही चौघं चार दिवस जंगलात चालायला जातो, आणि दरवर्षी एकजण म्होरक्या असतो. वाट त्याने ठरवायची, बॅगा त्याने तपासायच्या, कोण येणार आणि कोण नाही हेसुद्धा त्यानेच सांगायचं. त्यावर अपील नाही. मागच्या वर्षी आत्या म्होरकी होती, तर तिने आईला मुरगळलेल्या घोट्यापायी घरीच ठेवलं. आई आठ दिवस तिच्याशी बोलली नाही, पण राहिली.

तीन महिने मी नुसती हवेत होते. दाराच्या मागे जंगलाचा नकाशा चिकटवला, त्यावर लाल पेनाने चार मुक्काम काढले, पाण्याच्या जागांना निळे गोल केले. वनखात्याचा परवाना चौघांचा, गुरुवारचा, माझ्या सहीने आला. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. यंदा वर्गाच्या निवडणुकीत उभी राहिले, भाषण ठोकलं, निवडूनही आले. "तेव्हापासून हिला बंद करायचं बटणच सापडत नाही," असं आत्या म्हणते. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. शाळेची बस चालवते, त्यामुळे तिचा आवाज कायम शेवटच्या बाकापर्यंत पोचतो.

बॅगेचा आमचा एकच नियम : ज्याच्या त्याच्या वजनाच्या एक पंचमांश. त्याहून जास्त नाही. हा नियम बाबांचा, आणि बाबांचा नसता तरच नवल. बाबा वजनकाटे दुरुस्त करतात. खाली दुकान, वर घर. भाजीवाल्याच्या तागडीपासून गोदामाच्या काट्यापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून जातं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घरचा काटा आहे, जुना, मोठ्या तबकडीचा, एका बंद पडलेल्या गोदामातून उचलून आणलेला. तो त्यांनी इतका नीट केलाय की शेजारचे लोक लग्नाआधी आणि बाळंतपणानंतर आमच्याकडे येऊन उभे राहतात.

शनिवारी सकाळी मी सगळ्यांना काट्यासमोर हजर केलं.

आत्या आधी चढली. सुई शहाऐंशीवर.

"काय?" आत्या ओरडली. "अगं, गेल्या महिन्यात ड्रायव्हरांची तपासणी झाली, तेव्हा एकोणऐंशी होते मी!"

"आत्या, चपला काढ."

"चपला काय सात किलोंच्या आहेत?" ती उतरली, परत चढली, श्वास रोखून धरला. शहाऐंशी. "हा काटा नाही, माझ्या मागच्या जन्मीचा वैरी आहे. अरे, तू काही बोलशील का? तुझं यंत्र माझी अब्रू घेतंय."

बाबा मोरीशी पाठमोरे उभे राहून एक धुतलेला कप पुन्हा धूत होते. "दुपारचं जेवण टाळ," एवढंच म्हणाले.

आई पासष्ट. "शिवणाला बसून बसून दुसरं काय होणार," ती म्हणाली. आई घरीच कपडे शिवते. मी एक्कावन्न. गेल्या वर्षी चाळीस होते! पण उंचीही चार बोटं वाढली होती, त्यामुळे मी उलट छाती फुगवूनच वहीत लिहिलं.

बाबा शेवटी चढले. सदुसष्ट. गेल्या वर्षी अडुसष्ट.

"बघा," आत्या म्हणाली, "आम्ही सगळ्या पिठासारख्या फुगलो आणि हा पठ्ठ्या जागच्या जागी."

मी हसले. आई हसली नाही. ती बाबांच्या पट्ट्याकडे बघत होती. मग तिने पिशवी उचलली आणि आत्याला घेऊन दोरी, मेणबत्त्या आणि औषधं आणायला बाजारात गेली. बाबा दुकानात उतरले. मी एकटी, आणि जमिनीवर चार भरलेल्या बॅगा.

बॅग तपासायची आमची जुनी रीत अशी : बॅग पाठीला लावायची, काट्यावर उभं राहायचं आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करायचं. मला ते दरवर्षी बावळटपणाचं वाटायचं. बॅग सरळ काट्यावर ठेवली की झालं ना काम! म्होरकी मी, रीत माझी.

मी माझी बॅग काट्यावर ठेवली. सोळा.

दहाच्या वर चालणार नव्हती. मी जाडा स्वेटर काढला. मग डाळीची पिशवी, छोटं पातेलं, दुसरे बूट. अजून तेरा. पाण्याची रिकामी बाटली, टॉवेल, पावसाचा कोट. शेवटी दहा आले तेव्हा बॅगेत झोपायची पिशवी, दोन मोजे आणि एक साबण उरला होता.

आईची एकोणीस. आत्याची चोवीस. बाबांच्या बॅगेत तंबू, ती वीस. त्यांना परवानगी तेराची. तंबू काढला तर झोपायचं कुठे? तंबू ठेवला तर खायचं काय? मी तंबूचे खांब माझ्या बॅगेत घातले, कापड आत्याच्या, तांदूळ आईच्या, मग परत उलटं. तासभर मी तेच सामान या बॅगेतून त्या बॅगेत हलवत होते. मागच्या वर्षी आत्याने सगळं अर्ध्या तासात बसवलं होतं, गाणी म्हणत. सामान तेवढंच. उलट वाहायला एक पाठ कमी, आई घरी होती. मग माझ्याच हाताला काय झालं होतं? भाषणं ठोकता येतात म्हणून म्होरकी होता येत नाही, हे मला त्या पसाऱ्यात बसून कळलं आणि मी तोंडात मोजा धरून रडले, दुकानात आवाज जाऊ नये म्हणून.

मग तांदळाचं मोठं पाकीट दिसलं. न फोडलेलं. पाच किलो, तसं छापलेलंच होतं. अर्धं करता येतं का बघू म्हणून काट्यावर ठेवलं.

बारा.

मी ते उतरवलं. सुई शून्यावर गेली. पुन्हा ठेवलं. बारा.

कपाटात बाबांची तपासणीची पितळी वजनं असतात, मखमलीच्या खाचांत बसवलेली. त्यांना हात लावायचा नसतो. मी लावला. पाच किलोचं ठेवलं, बारा. दहाचं ठेवलं, सतरा. वीसचं ठेवलं तेव्हा मला आकडा आधीच माहीत होता. सत्तावीस.

बाबांनीच मला शिकवलंय. झिजलेला काटा जागोजाग वेगवेगळा चुकतो. पाचाला थोडा, पन्नासाला जास्त. सगळीकडे सारखाच चुकला तर ती झीज नसते, तिथे कुणाचा तरी हात असतो. मी मागची पट्टी उघडली. आत एक नवी, बारीक खिटी होती, केसाएवढी. काटा रिकामा असला की ती सुईला शून्यावर अडवून धरायची. वजन पडलं की सुटायची, आणि सुई सात किलो पुढूनच पळायची. इतकं सफाईचं काम या गावात एकच माणूस करतो.

वहीत सगळ्यांच्या आकड्यांतून सात वजा केले. आत्या एकोणऐंशी. बाबा साठ.

साठ. वर्षात आठ किलो.

मी खाली गेले. बाबा भिंगातून एका सोनाराच्या काट्यात बघत होते. मी खिटी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी भिंग काढलं नाही.

"बॅग पाठीला लावून उभी राहिली असतीस," ते म्हणाले, "तर वजाबाकीत सात उडून गेले असते. कुणाला कळलंच नसतं. रीत का बदललीस गं?"

"बाबा, तुम्हाला काय झालंय?"

"गाठ आहे पोटात. कसली ते उघडल्यावर कळणार." त्यांनी भिंग काढून पुसलं. "सोमवारी दाखल व्हायला सांगितलं होतं. मी म्हटलं, आधी जंगल."

"आईला माहीत आहे?"

"दोनदा माझ्या पँट्स कमरेत आत घेतल्यात तिने. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

"आणि काटा? बाबा, तुम्ही काटा खोटा केलात?"

तेव्हा त्यांचा चेहरा पडला. गाठीबद्दल बोलताना तो तसाच्या तसा होता. या प्रश्नाला पडला. "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा," ते म्हणाले. "रात्रभर हात धुवत होतो."

मग ते खुर्चीत सावरून बसले. "बरं. म्होरकी तू आहेस. चार दिवस फक्त. मी सावकाश चालेन. तंबू आत्याला दे, मला नुसता तांदूळ दे. कोण येणार ते सांग."

मला हो म्हणायचं होतं. खरंच. लाल पेनाने काढलेले चारही मुक्काम डोळ्यांसमोर आले, तिसऱ्यापाशी तर ओढा होता. म्हणून मी म्हटलं, "तुमची बॅग पाठीला लावून जिना चढून दाखवा."

बॅग मी भरली. फक्त तांदूळ, पाच किलो. आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. नऊ पायऱ्या ते चढले. दहाव्यावर त्यांनी भिंतीला हात लावला, जसं काही रंग वाळलाय का बघतायत, आणि मग खाली बसले. कपाळावर घाम. मी बॅगेचे पट्टे सोडवले. शर्टाखाली खांद्याची हाडं लागली हाताला.

"नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली. माझ्याशी पैज लावावी, आवाज चढवावा, आत्याला मध्ये घ्यावं, काहीतरी करावं असं मला वाटत होतं. त्यांनी काहीच केलं नाही. म्होरक्याचा शब्द.

"मग सोमवारचं तरी परत मागू," मी म्हटलं आणि त्यांच्या खिशातल्या दवाखान्याच्या चिठ्ठीवरचा नंबर लावला. दवाखान्यातल्या बाईंनी नाव विचारलं, कागद चाळले. सोमवारची खाट दुसऱ्या पेशंटला दिली होती. तुमच्याकडूनच नको म्हणून कळवलं होतं ना? पुढची तारीख एकवीस दिवसांनी. त्याआधी? नाही गं बाळ, त्याआधी नाही. जमलं तर कळवू.

मी निवडणुकीत वापरलेला तो सगळा आवाज लावला. विनवण्या केल्या, वजन सांगितलं, आठ किलो सांगितले. बाई शांतपणे ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "नाव लिहून घेतलंय."

फोन ठेवला तर बाबा माझ्याकडे बघत होते. डोळे एकदम उजळलेले.

"एकवीस दिवस," ते म्हणाले. "म्हणजे गुरुवार मोकळाच की. घरात बसून तरी काय करणार मी? मग जाऊ या ना?"

दहाव्या पायरीवर बसून, तांदळाच्या बॅगेला हात लावून विचारत होते. परवानगी मागताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एकदा नाही म्हटलं होतं तेव्हा दवाखान्याचा आधार होता. आता कशाचाच नव्हता.

"नाही," मी म्हटलं.

"बरं," बाबा म्हणाले.

खाली दार वाजलं. आत्याचा आवाज आधी आला. "ही आणली बघ दोरी, हत्ती बांधता येईल! आणि सांगून ठेवते, मी जेवणार नाहीये, मला कुणी आग्रह करू नका." मग ती जिन्याच्या तळाशी आली आणि थांबली. मागून आई. आईने बाबांना पाहिलं, बॅग पाहिली, माझ्या हातातली वही पाहिली. पिशवी तिथेच खाली ठेवून ती वर आली आणि बाबांच्या शेजारी त्या अरुंद पायरीवर बसली.

"किती?" तिने मला विचारलं.

"साठ."

"मला बासष्ट वाटलं होतं," आई म्हणाली.